पहिल्या दळणातले लोखंड

गिरणीत दळायला येणाऱ्या धान्यात लोखंड येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हे लेखन हाती घेतले. माझा मूळ बेत शाळेच्या वार्षिक अंकासाठी एक छोटा पाठ लिहिण्याचा होता. चुंबकाचा व्यवहारातील उपयोग, एक आकृती, घरी करता येतील असे दोन प्रयोग, एवढाच. वही उघडली आणि पहिल्याच ओळीत नथूआबांचे नाव उतरले. ते खोडून पाहिले. पाठ पुढे सरकेना. म्हणून प्रश्न तोच ठेवला आहे आणि उत्तर ज्यांच्याकडून मला मिळाले, त्यांच्याविषयीच लिहितो आहे.

साठीच्या दशकाच्या आरंभी मी कामशेतला विज्ञान शिक्षक म्हणून रुजू झालो. बाजारपेठेत तांदळाच्या दुकानांच्या मागच्या बाजूला एक पिठाची गिरणी होती. मालक पेठेतलेच एक व्यापारी, त्यांना सगळे शेठ म्हणत. पण ती चालवत नथूआबा. उंच, किंचित वाकलेले, भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर कायमचे पीठ बसलेले असे गृहस्थ. डावा डोळा पांढरा पडलेला होता. त्यामुळे कोणाशीही बोलताना ते मान डावीकडे वळवून उजवा डोळा समोर आणत. नव्या माणसाला वाटे, आपले बोलणे त्यांना पटत नाही.

मी प्रथम गहू घेऊन गेलो, तेव्हा रांगेत सातआठ बायका होत्या आणि रांग हलत नव्हती. यंत्राच्या शेजारी दोन पेट्यांवर एक लांब फळी तिरकी ठेवलेली होती. आबा प्रत्येकीचे धान्य त्या फळीवरून ओंजळीओंजळीने खाली सोडत होते. फळीच्या मधोमध, पातळ कापडात गुंडाळलेले घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन चुंबक बसवले होते. धान्य खालच्या टोपलीत पडे, मग ते यंत्रात जाई.

"आबा, आता दळणालाबी मुहूर्त काढा म्हंजे झालं," एक बाई म्हणाली.

"सोन्याचा खिळा सापडला तर मला द्या बरं का," दुसरी म्हणाली. "माझ्याच जवारीतला आसंल."

आबा हसले नाहीत. "आधी बघू," म्हणाले आणि पुढची ओंजळ सोडली. हे दोन शब्द मी पुढे बारा-तेरा वर्षे ऐकले. गहू चांगला आहे का, पाऊस उघडेल का, तब्येत कशी आहे, कोणत्याही प्रश्नाला त्यांचे पहिले उत्तर तेच असे.

माझी पाळी आली. फळीवरून गहू गेला. आबांनी कापड उलगडून चुंबक बाजूला घेतले, तशी कापडाला चिकटलेली लोखंडाची कणी आपोआप तळहातावर पडली. मी चकित झालो. चुंबकाला चिकटलेला कीस काढणे किती कटकटीचे असते, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही माहीत आहे. मध्ये कापड ठेवले की ते काम क्षणात होते, ही युक्ती मला कोणत्याही पुस्तकात आढळली नव्हती.

"हे बघा, मास्तर," त्यांनी तळहात पुढे केला. "दाभनाचं टोक. पोतं शिवताना मोडलंय. दुकानच्या गव्हात ह्ये हमखास."

मी विचारले, "सगळा गहू एकदम सोडला तर चालणार नाही?"

"न्हाई. जाड थर सोडला की लोखंड वरच्या वर निघून जातं. दान्याला दाना लागला पायजे, पर दान्यावर दाना नको."

हा नियम मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितला. कोणी सांगितला तेही सांगितले.

चुंबक त्यांनी लोणावळ्याच्या एका भंगारवाल्याकडून आणले होते. कोण्या जुन्या मोटारीच्या यंत्रातून निघालेले. रात्री गिरणी बंद करताना ते चुंबक दगडावर आपटून त्यांच्यावर बसलेले पीठ झटकत, हे पाहून मी त्यांना सांगितले की आपटल्याने आणि तापवल्याने चुंबकाची शक्ती कमी होते, आणि दोन टोकांवर एक लोखंडी पट्टी आडवी ठेवली तर ती टिकते. त्यांनी तेथल्या तेथे पट्टी शोधली. पुन्हा कधी आपटले नाहीत. सांगितलेली गोष्ट पारखून घ्यायची आणि खरी निघाली की त्याच दिवसापासून पाळायची, असा त्यांचा स्वभाव होता. माझ्या विद्यार्थ्यांत तो विरळ होता; माझ्यातही फारसा नाही.

एकदा मी त्यांना वर्गात बोलावले. धुतलेले धोतर नेसून, फळी खांद्यावर घेऊन आले. मुलांसमोर तांदूळ, टाचण्या, खिळे असा प्रयोग झाला. मग एका मुलीने पितळेचे बटण फळीवरून सोडले. ते सरळ टोपलीत गेले. मुले हसली. आबांनी बटण उचलले, पुन्हा सोडले, पुन्हा गेले. त्यांचा चेहरा उतरला. परत जाताना वाटेत म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं पितळ तसंच जातंय की वो." मी म्हणालो, धान्यात पितळ फारसे येत नाही. ते म्हणाले, "तुमी बघितलंय का?" मी पाहिले नव्हते.

एवढा काळजी घेणारा मनुष्य या फळीकडे वळला कसा, ते मला पेठेतून कळले. त्यांनी स्वतः सांगितले ते बरेच नंतर.

मी येण्यापूर्वी काही वर्षे, क्रूड तेलाच्या इंजिनावर गिरणी चालत असताना, एका सकाळी दगडांतून ठिणग्या उडाल्या आणि कर्कश आवाज आला. आबांनी यंत्र बंद न करताच झाकण उचलून आत पाहिले. दगडाचा एक कपचा उडून त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. दगडाला तडा गेला होता आणि दोन दगडांच्या मध्ये लोखंडाचा एक तुकडा सापडला, गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्या वेळी यंत्रात नाचणी होती. ती नाचणी पवनेकडच्या डोंगरावरल्या ठाकरवाडीतल्या चिमाबाईची होती.

चिमाबाई वाडीतल्या पाचसहा घरांचे दळण डोक्यावर घेऊन दोन तास चालत कामशेतला येई. त्याबद्दल प्रत्येक घरून तिला शेरभर पीठ मिळे. तिचे पोट त्यावर होते. डोळ्यावर फडके दाबून बसलेल्या आबांना लोकांनी विचारले, लोखंड आले कोठून? आबा म्हणाले, "हिच्या नाचणीतनं."

तेवढे पुरले. तिचे पीठ गटारात ओतले गेले. पुन्हा गिरणीची पायरी चढायची नाही, असे शेठनी बजावले. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती असे पेठेतले लोक सांगतात: "माझ्या घरात सुईबी न्हाई, लोखंड कुटनं येईल?" त्या दिवसापासून वाडीतल्या बायकांनी तिच्याकडे दळण देणे सोडले. तिला 'लोखंडी' हे नाव पडले. मावळात असे नाव एकदा पडले की माणसाचे खरे नाव मतदारयादीपुरते उरते.

दुखणे बरे झाल्यावर आबांनी फळी केली. आपला दुसरा डोळा वाचावा आणि कोणाच्या पोटात खिळा जाऊ नये, एवढाच हेतू. पण शिक्षण नसूनही त्यांची बुद्धी नोंदी ठेवणाऱ्याची होती. निघालेले लोखंड ते फेकत नसत. खिडकीत तीन बाटल्या ठेवल्या होत्या. अक्षरओळख नसल्याने त्यांची बुचे निरनिराळी: कागदाच्या बोळ्याची बाटली दुकानच्या आणि रेशनच्या धान्याची, चिंधीची बाटली शेतकऱ्यांच्या घरच्या धान्याची, आणि मक्याच्या बुरकुंडाची, म्हणजे दाणे काढलेल्या कणसाच्या बुचाची, बाटली डोंगरावरल्या धान्याची. पहिली वर्षभरात निम्मी भरे. दाभणाची टोके, तारेचे तुकडे, पेट्यांचे बारीक खिळे. दुसरीत विळ्याचा एखादा दात, बैलाच्या नालेचा खिळा. तिसरी रिकामी असे.

एके दिवशी मी ती तिसरी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणालो, "आबा, ही उगाच ठेवली आहे. हिच्यात काही नाही."

ते माझ्याकडे नेहमीप्रमाणे मान वळवून पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्येच तर बघतोय ना मी. चार वर्सं झाली. काईच न्हाई."

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. वाडीतले लोक नाचणी शेणाने सारवलेल्या खळ्यावर काठीने झोडपतात, मडक्यात किंवा कणगीत ठेवतात, फडक्यात बांधून आणतात. लोखंडाशी तिचा संबंध कापणीच्या विळ्यापुरता. हे मी नंतर कागदावर लिहून काढले. आबांना ते लिहावे लागले नव्हते.

आता गिरणीच्या एका रीतीविषयी सांगणे आवश्यक आहे. ती कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही. दळून दळून दगड गुळगुळीत होतात आणि पीठ नीट पडत नाही. म्हणून आठदहा दिवसांनी दगड उघडून त्यांच्यावर टाकी मारावी लागते. टाकी म्हणजे दोन्हीकडे धार असलेली पोलादी हातोडी. तिने ठोकून ठोकून दगडाला पुन्हा खरखरीतपणा आणतात. टाकी झाल्यावर पहिल्या पिठात दगडाची कचकच येते. खरे म्हणजे ते पहिले दळण टाकूनच द्यायला हवे. आमच्या गिरणीत ते टाकत नसत. ज्या दिवशी टाकी होई, त्या दिवशी डोंगरावरच्या माणसांना आधी बोलावले जाई. "लांबनं आलाय, तुमचा नंबर पयला." ते हात जोडत. रांगेतल्या बायकाही म्हणत, जाऊ द्या बिचाऱ्यांना. नाचणीचे पीठ मुळातच काळसर. त्यात काय मिसळले ते डोळ्यांना दिसत नाही. दोन पायल्या नाचणी गेली की दगड पुसून निघत आणि मग पेठेचा गहू पडे.

मी स्वतः ही रीत पाहिली होती आणि तिला दयाळूपणा समजत होतो.

वीज आल्यानंतरच्या एका वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडी, शाळा सुटायच्या सुमारास आबा प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. हातात फडक्यात बांधलेले काही होते. आत या म्हटले तरी आत येईनात.

"मास्तर, एक इचारायचं हाय. वर फळीला काईच लागलं न्हाई, आनि खाली पिठात लागलं, ह्ये कसं?"

मी त्यांना बसवले. सकाळी टाकी झाली होती. पहिले दळण वाडीच्या एका म्हाताऱ्याचे. फळीवरून नाचणी गेली, कापडाला काही लागले नाही. आबा पिठाच्या डब्यावर वाकले असता कापडातून सोडवलेले एक चुंबक हातातून निसटून पिठात पडले. बाहेर काढले तर त्याच्या दोन्ही टोकांना काळी दाढी आलेली. त्यांनी फडके उलगडले. चुंबकावर बारीक पोलादी कपच्या आणि भुकटी होती.

मी भिंग आणले. कपच्या टोकदार होत्या. प्रत्येकीची एक बाजू चकचकीत, जणू आत्ताच फुटलेली. मी म्हणालो, "टाकीची धार आहे ही. लोहाराने ती तापवून जास्त कडक पाणी दिले असेल तर ठोकताना ती झडते."

"म्हंजे ह्ये माज्या हातानं पडलं."

"टाकी मारणाऱ्या कोणाच्याही हाताने पडेल."

"टाकी मीच मारतो, मास्तर."

मग त्यांनी कमरेची चुन्याची डबी काढली. तिचे एक तोंड चुन्याचे होते. दुसऱ्या तोंडात कापसात ठेवलेला एक लोखंडाचा तुकडा होता. त्यांचा डोळा ज्या दिवशी गेला त्या दिवशीचा. "ह्यो खिळा हाय का टाकी, येवढं सांगा."

मला एकच सोपी कसोटी ठाऊक होती. खिळ्याचे लोखंड मऊ असते, कानस त्याला सहज खाते. पाणी दिलेल्या पोलादावर कानस घसरते. मी आधी एक साधा खिळा लोखंडी पकडीत आवळला आणि कानस चालवली, कीस पडला. मग त्यांचा तुकडा धरला. कानस घसरली. पुन्हा चालवली. काचेवरून नख फिरवावे तसा आवाज आला आणि तुकड्यावर ओरखडासुद्धा उठला नाही.

मी शिक्षक आहे. मर्यादा सांगणे माझे काम. मी म्हणालो, "आबा, यावरून एवढेच ठरते की हा साधा खिळा नाही. दाभणही कडक पोलादाचे असते. त्या दिवशीची टाकी आज असती तर तुकडा तिला जुळवून पाहता आला असता."

"ती लोहारानं दहादा ठोकून लांबवली. झिजून गेली."

"मग खात्री देता येत नाही."

ते उठले. तुकडा परत कापसात ठेवला. "त्या दिशीबी सकाळी टाकी झालती," ते म्हणाले. "म्हनून तर तिचा नंबर पयला होता. तुमी मास्तर हाय, तुमाला शंका ठिवायला जमतं. मला न्हाई जमनार."

त्या दिवसापासून त्यांनी टाकीनंतर पहिल्यांदा स्वतःची ज्वारी दळायला सुरुवात केली. वाडीच्या लोकांना सांगत, "थांबा वाईच, आज तुमचा दुसरा नंबर." मला वाटले, ते पीठ ते गुरांना किंवा ओढ्यात टाकत असतील. एकदा दुपारी मी गिरणीत गेलो तेव्हा ते भाकरी खात होते. एक घास तोंडात घेऊन ते थांबले आणि जिभेने काहीतरी बाजूला केले. मी विचारले, ही ज्वारी पहिल्या दळणाची का? त्यांनी मान डोलावली.

"आबा, हे चुकीचे आहे. ते टाकून द्या. माणसाने खायची वस्तू नाही ती."

"इतकी वर्सं मानसांनीच खाल्ली की," एवढे बोलून त्यांनी पुढचा घास मोडला.

चिमाबाईकडे जायचे त्यांनी मनात घेतले होते. पण एकटे जाववत नव्हते. मी बरोबर गेलो. ती जात्यावर बसली होती. मनगटे सुजलेली, केस पिकलेले. आबा अंगणात उभे राहिले. मला आठवते की पेठेत वाडीच्या बायकांना सरसकट अगंतुगं करणारा तो मनुष्य त्या दिवशी 'चिमाबाई' म्हणाला आणि 'तुमी' म्हणाला.

"चिमाबाई, त्ये लोखंड तुमच्या नाचणीतलं नव्हतं. माज्या टाकीचं व्हतं."

तिने खुंटा सोडला नाही. जाते थांबले तेवढेच. "मी तवाच म्हनलं व्हतं," ती म्हणाली.

"व्हय. म्हनला व्हता."

"मग आता कशाला आलाव, भाऊ?"

आबांनी हात जोडले. ते म्हणाले, "मापी मागाया."

"मापी हितं घिऊन काय करू? हितं मी नि ह्ये जातं. त्येला ठावंच हाय." तिने पदराने तोंड पुसले. "जितं माजं नाव घेतलं, तितं सांगा. बाजाराच्या दिशी. समदी आसताना."

खाली उतरताना आबा दोनदा बसले. घाटाखाली आल्यावर मला म्हणाले, "शेठ काढून टाकतील." मी म्हणालो, मी शेठशी बोलून पाहतो. "आधी बघू" हे शब्द मला अपेक्षित होते. ते आले नाहीत.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गिरणीत गेलो. रांग दारापर्यंत आली होती. टाकी त्याच सकाळी झाली होती. आबांनी बटण दाबून यंत्र बंद केले. पट्टा फडफडत थांबला. अचानक शांतता झाली तसे सगळे वर पाहू लागले. ते म्हणाले, माझा डोळा गेला त्या दिवशीचे लोखंड चिमाबाईच्या नाचणीतले नव्हते, माझ्या टाकीचे होते. मी खोटे बोललो नाही पण न बघता बोललो. आणि टाकीनंतरच्या पहिल्या पिठात लोखंड असते, ते आपण डोंगरावरल्या माणसांना घालत आलो. एवढे सगळे त्यांनी एका दमात सांगितले.

रांगेतल्या एकीने आपला डबा पुढे सरकवला.

मग रांगेतून आवाज आला, "कोन चिमाबाई?"

"आगं, ती लोखंडी."

"हां, ती व्हय! लय वर्सं झाली की त्येला. आबा, दळा आता, माजी गाडी जाईल."

दुसरी म्हणाली, "आनि आमच्या पिठातबी आसंल का वो त्ये?" आणि त्या एका वाक्याने रांगेत खळबळ झाली. चिमाबाईचा विषय तेथेच संपला. जो तो आपल्या डब्यात हात घालून पीठ चोळून पाहू लागला. दोघी तिघी दळण उचलून दुसऱ्या गिरणीकडे गेल्या. संध्याकाळी शेठनी आबांना सांगितले, उद्यापासून येऊ नका. मी शेठशी बोललो. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, सत्तर ठिकाणी हेच चालतं. तुम्ही शाळा बघा." फळी त्यांनी बाहेर काढून ठेवली. ती आणि चुंबक आबांनी उचलून घरी नेले. तीन बाटल्या खिडकीत राहिल्या होत्या. नव्या माणसाने त्या टाकून दिल्या असाव्यात.

त्या दिवशी चिमाबाई बाजारात आली नव्हती. आबा पुन्हा वर गेले आणि तिला सांगून आले. तिने विचारले, कोणी ऐकलं? ते म्हणाले, समद्यांनी. हे त्यांनी मला सांगितले तेव्हा मी काही दुरुस्ती केली नाही.

नंतर माझी बदली लोणावळ्याला झाली. कामशेतला जाणे कमी झाले. आबांचा दुसरा डोळा मोतीबिंदूने अधू होत चालल्याचे कळत होते. शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते. एका डोळ्याच्या अनुभवानंतर दुसऱ्याला कोणी हात लावू नये असे त्यांना वाटे. सत्तरीच्या दशकाच्या मध्याला, एका रविवारी, मी मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. पुतण्या म्हणाला, "आबा घाटाखाली उंबरापाशी आसत्याल. बाजार करून वाडीची मानसं माघारी जात्यात ना, तितं."

मी गेलो. दुपार कलली होती. आबा उंबराच्या मुळावर बसले होते. पुढ्यात एक जुने वर्तमानपत्र पसरलेले. शेजारी चिमाबाई. वाडीच्या दोन बायका गिरणीतून परतत होत्या; त्यांनी आपले नाचणीचे पीठ कागदावर ओतले. आबांनी कापडात गुंडाळलेले चुंबक त्या पिठावरून सावकाश फिरवले, आडवे, मग उभे, एकही जागा न सोडता, जसे पूर्वी फळीवर करत. शिकवायचे झाले तर मी असेच शिकवले असते. मग चुंबक उचलून त्यांनी चिमाबाईच्या दिशेने धरले.

"बघा बरं. लागलंय का काय?"

मी दोन पावलांवर होतो. माझी दृष्टी चांगली आहे. कापडाच्या दोन्ही टोकांवर काळी भुकटी होती आणि तिच्यात दोन चकचकीत कपच्या होत्या. त्या दिवशी गिरणीत टाकी झालेली होती आणि पहिला नंबर वाडीचा लागलेला होता. दुसरा अर्थ संभवत नव्हता.

चिमाबाईने माझ्याकडे पाहिले. मग अंगठ्याने ते सगळे पुसून आपल्या लुगड्याच्या काठाला लावले.

"न्हाई भाऊ," ती म्हणाली. "काई न्हाई. साफ हाय."

"खरं?"

"आता मी खोटं कशाला सांगू?"

आबांनी मान डोलावली. "बंद केलं म्हना की त्येंनी," ते म्हणाले, आणि पुढच्या बाईचे पीठ ओतून घेण्यासाठी कागद सारखा केला. मी आलो आहे हे त्यांना कळले नव्हते. मी हाक मारणार होतो. हाक मारली असती तर त्यांनी मलाही तोच प्रश्न विचारला असता आणि मला उत्तर द्यावे लागले असते. मी तसाच मागे फिरलो. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. दीड वर्षाने त्यांच्या पुतण्याचे पत्र आले.

धान्यात लोखंड येते कोठून, या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे: काही पोत्यांतून येते, काही शेतातून येते आणि काही गिरणीत आपण घालतो. हे एका गिरणीपुरते, एका माणसाच्या नोंदींवरून काढलेले अनुमान आहे आणि ते अपुरे असू शकते. म्हणून वाचकांना विनंती आहे की त्यांनी माझ्या लिहिण्यावर विसंबू नये. आपल्या गावच्या गिरणीत ज्या दिवशी टाकी होईल, त्या दिवशी तेथे जाऊन उभे राहावे. पहिले दळण कोणाचे पडते ते पाहावे. त्यातले ओंजळभर पीठ मागून घ्यावे, कोऱ्या कागदावर पातळ पसरावे, चुंबकाला कापड गुंडाळून ते त्यावरून फिरवावे, आणि काय लागते ते स्वतः पाहावे.